छतावरचे पॅनल आणि कराचा हिशेब : युनिटदराने घेतलेल्या सौर विजेच्या सेवेबद्दल

आमच्या कारखान्याच्या छतावर डिसेंबर २०२१ पासून १५० किलोवॅटचा सौर प्रकल्प सुरू आहे. तो आम्ही विकत घेतलेला नाही. एका खासगी पुरवठादाराने स्वतःच्या खर्चाने तो बसवला असून, त्यातून तयार होणारी वीज आम्ही १५ वर्षे ठरलेल्या युनिटदराने घ्यायची, असा आमचा बंधनकारक करार आहे. यंत्रभाग तयार करणाऱ्या या मध्यम आकाराच्या कंपनीचा हिशेब विभाग मी सांभाळतो. त्यामुळे या सेवेची वीज शॉपफ्लोअरवरच्या सहकाऱ्यांनी अनुभवली आणि तिची कागदपत्रे व करआकारणी माझ्या टेबलावर आली. साडेचार वर्षांच्या अनुभवानंतर लिहिताना मी विजेबद्दल थोडक्यात आणि कराबद्दल विस्ताराने लिहिणार आहे, कारण असा करार करणाऱ्या बहुतेक कारखानदारांची दिशाभूल पहिल्या भागात होत नाही, दुसऱ्या भागात होते.

विजेबाबत सेवा चांगली आहे. वर्षाला सरासरी २ लाख १० हजार युनिट मिळतात. दर महिन्याच्या १ तारखेला त्यांचा तंत्रज्ञ आणि आमचा वायरमन मिळून मीटरचे रीडिंग घेतात, दोघे सही करतात, आणि त्याच आकड्यावर बिल येते. आजवर एकदाही आकड्याचा वाद झालेला नाही. पॅनलची धुलाई ठरल्याप्रमाणे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये एक इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा दुरुस्तीला नऊ दिवस लागले, हे मला जास्त वाटले, परंतु त्या काळातले नुकसान पुरवठादाराचेच होते, कारण वीज नाही तर बिल नाही. करारातला दर ४ रुपये ६० पैसे होता आणि तेव्हा वीज कंपनीची वीज आम्हाला सर्व आकार धरून साडेआठ रुपयांच्या आसपास पडत होती. बचत खरी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका निर्माण झाली ती करारापूर्वी दाखवलेल्या सादरीकरणामुळे. विक्री प्रतिनिधीने आम्हाला जो तक्ता दिला, त्यात 'पहिल्या वर्षीची करबचत ९.५१ लाख रुपये' अशी एक ओळ ठळक अक्षरांत होती. मी तिचा उलगडा केला तेव्हा दिसले, की प्रकल्पाची किंमत ६३ लाख रुपये धरून तिच्यावर ४० टक्के नियमित घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून वजा होणारी रक्कम) आणि २० टक्के अतिरिक्त घसारा, असा एकूण ६० टक्के घसारा काढला आहे, आणि त्या ३७.८० लाखांवर २५.१७ टक्के दराने कर वाचतो असे गृहीत धरले आहे. गुणाकार बरोबर होता. मात्र त्या एका ओळीत दोन चुका होत्या आणि दोन्ही मूलभूत होत्या.

लहान चूक आधी सांगतो. २५.१७ टक्के हा दर आयकर कायदा, १९६१ च्या कलम ११५बीएए खाली येणाऱ्या कंपनीचा आहे : मूळ दर २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर. हा सवलतीचा दर स्वीकारणाऱ्या कंपनीला कलम ३२(१)(आयआयए) खालचा अतिरिक्त घसारा सोडून द्यावा लागतो, आणि एकदा स्वीकारलेला पर्याय मागे घेता येत नाही. म्हणजे २५.१७ टक्के दर असेल तर २० टक्के अतिरिक्त घसारा नाही, आणि अतिरिक्त घसारा हवा असेल तर तो दर नाही. तक्त्याने दोन्ही एकत्र धरले होते.

मोठी चूक मालकीची होती. कलम ३२ नुसार घसारा मिळण्यासाठी दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात : मालमत्ता पूर्णतः किंवा अंशतः करदात्याच्या मालकीची असावी, आणि ती त्याच्या व्यवसायासाठी वापरात असावी. आमच्या करारातील ११ वा खंड स्पष्ट सांगतो, की पॅनल, इन्व्हर्टर, सांगाडा आणि केबल यांची मालकी संपूर्ण मुदतीत पुरवठादाराकडेच राहील, आणि ग्राहकाला केवळ तयार झालेल्या विजेवर हक्क असेल. मग घसाऱ्याचा हक्कही त्यांचाच. छत आमचे आहे, वीज आम्ही वापरतो, प्रकल्प दुसऱ्या कुणासाठी उभारलेला नाही आणि त्याची सगळी वीज घेण्याचे बंधनही आमच्यावर आहे. तरीही या चारपैकी एकाही गोष्टीने मालकी बदलत नाही.

हा मुद्दा वाटतो तितका एका वाक्यात संपणारा नाही, म्हणून थोडे थांबतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हैसूर मिनरल्सच्या प्रकरणात असे म्हटले, की घसाऱ्याच्या संदर्भात मालक म्हणजे केवळ नोंदणीकृत दस्तावर ज्याचे नाव आहे तो नव्हे, तर जो स्वतःच्या हक्काने मालमत्तेवर ताबा आणि अधिकार गाजवतो तोही मालक ठरतो. या निकालाचा आधार घेऊन 'प्रकल्प तुमच्या छतावर आहे, ताबा तुमचा आहे, म्हणून घसारा तुमचा' असे आम्हाला सांगण्यात आले. परंतु त्या प्रकरणात कंपनीने घरांच्या किमतीचा काही भाग भरून ताबा घेतला होता, खरेदीखत व्हायचे बाकी होते. आम्ही प्रकल्पाच्या किमतीपोटी एक रुपयाही दिलेला नाही, त्यांच्या परवानगीशिवाय एक पॅनल हलवता येत नाही, आणि विम्याचा हप्ताही तेच भरतात. उलट २०१३ च्या आयसीडीएस प्रकरणात, वाहनांची नोंदणी भाडेकरूंच्या नावावर असूनही घसारा भाड्याने देणाऱ्या वित्त कंपनीलाच मिळाला, कारण करारानुसार खरी मालक तीच होती. आमची परिस्थिती या दुसऱ्या निकालाच्या जवळ जाते, असे माझे मत झाले आणि आमच्या सीएंनीही तेच लेखी दिले.

ज्या मोठ्या कंपन्या इंड एएस ११६ या भाडेपट्ट्यांच्या हिशेबाच्या मानकानुसार हिशेब ठेवतात, त्यांच्यासाठी आणखी एक वळण आहे. मालमत्ता ठरावीक असेल, तिचा जवळजवळ सगळा लाभ ग्राहक घेत असेल आणि तिच्या वापराचे नियंत्रणही त्याच्याकडे असेल, तर वीजपुरवठ्याच्या करारात भाडेपट्टा दडलेला आहे असे मानून ग्राहकाला ताळेबंदात वापराचा हक्क मालमत्ता म्हणून दाखवावा लागू शकतो. परंतु पुस्तकात मालमत्ता दिसली म्हणून आयकरात घसारा मिळत नाही. हिशेबाच्या मानकांनी घसाऱ्याचा हक्कदार बदलत नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने भाडेपट्ट्याच्या जुन्या मानकाच्या वेळीच, फेब्रुवारी २००१ च्या परिपत्रक क्रमांक २ मध्ये सांगितले होते.

मालकीची ही गोष्ट केवळ कायद्याच्या पुस्तकात राहत नाही. बँकेचे स्टॉक ऑडिटर आले होते तेव्हा त्यांनी छतावरचे पॅनल पाहून ते आमच्या तारण यंत्रसामग्रीच्या यादीत का नाहीत असे विचारले. मी त्यांना इन्व्हर्टरच्या खोलीत नेले. तिथे प्रत्येक इन्व्हर्टरच्या उजव्या बाजूला चार रिव्हेट मारून बसवलेली तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी आहे. तिच्यावर पुरवठादाराचे नाव, मालमत्ता क्रमांक आणि 'ही मालमत्ता ग्राहकाची नाही' असे कोरलेले आहे. त्यांनी पट्टीचे छायाचित्र घेतले, कराराच्या ११ व्या खंडाची प्रत घेतली आणि विषय तिथेच मिटला. बसवणीच्या दिवशी मला ती पट्टी अनावश्यक वाटली होती. आज मी असा करार करणाऱ्या प्रत्येकाला तिचा आग्रह धरायला सांगेन, कारण वैधानिक लेखापरीक्षकांनीही पुढच्या वर्षी नेमका हाच प्रश्न विचारला.

मग आम्हाला करात काय मिळते? दरमहा भरलेले वीजबिल हा व्यवसायाचा खर्च म्हणून पूर्ण वजा होतो, एवढेच. आणि महागड्या विजेचे बिलही पूर्ण वजा होतच होते. युनिटमागे ३ रुपये ९० पैसे धरून वर्षाला ८.१९ लाख रुपये वाचतात असे सादरीकरणात दाखवले होते, पण वाचलेला खर्च नफ्यात जमा होतो आणि त्यावर कर लागतो, हे कुठेही लिहिलेले नव्हते. २५.१७ टक्के कर गेल्यावर हातात सुमारे ६.१३ लाख राहतात. ही रक्कमही चांगलीच आहे, आणि तिच्यासाठी आम्हाला भांडवल गुंतवावे लागले नाही. फक्त ती ८.१९ नाही, आणि तिच्यावर आणखी ९.५१ लाखांची भर तर मुळीच नाही.

आम्ही प्रकल्प स्वतः घेतला असता तर काय झाले असते, याचा हिशेब मी नंतर स्वतःच्या समाधानासाठी केला. सौर उपकरणांवरील घसाऱ्याचा दर पूर्वी ८० टक्के होता, तो १ एप्रिल २०१७ पासून ४० टक्के झाला आहे. शिवाय पहिल्या वर्षी मालमत्ता १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच घसारा मिळतो; म्हणजे साधारणपणे ३ ऑक्टोबरपर्यंत प्रकल्प सुरू झालेला असावा लागतो. आमचा डिसेंबरमध्ये सुरू झाला, त्यामुळे पहिल्या वर्षी २० टक्के म्हणजे १२.६० लाख, दुसऱ्या वर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के म्हणजे २०.१६ लाख आणि तिसऱ्या वर्षी १२.१० लाख असा तीन वर्षांत ४४.८६ लाखांचा घसारा मिळून सुमारे ११.२९ लाख रुपये कर वाचला असता. कर भरणाऱ्या, नफ्यातल्या कंपनीसाठी ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मात्र त्याच वर्षी आम्हाला दोन सीएनसी लेथ घ्यायचे होते आणि बँकेची मर्यादा त्यात संपत होती. म्हणून करार करण्याचा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. तो चुकीच्या तक्त्यावर घेतला गेला नाही, याचे मला समाधान आहे.

जीएसटीचा भाग या सेवेत सर्वांत कमी समजावून सांगितला जातो, आणि खरे तर दर ठरतो तो तिथेच. वीज करमुक्त आहे. त्यामुळे जो केवळ वीज विकतो, त्या पुरवठादाराला पॅनलच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर स्वतःच्या जीएसटीच्या देण्यातून वजा करण्याची सोय, मिळत नाही. तो कर त्याच्या प्रकल्पखर्चात मिसळतो आणि युनिटदरातून ग्राहकाकडून वसूल होतो. तोच प्रकल्प करपात्र माल बनवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या वापरासाठी घेतला, तर त्याला ते क्रेडिट मिळू शकते, मात्र कराच्या रकमेवर घसारा घेतलेला नसावा, अशी कलम १६(३) ची अट आहे. बिलावर कर शून्य दिसतो म्हणून सेवा करमुक्त आहे असे समजू नये. कर दरात दडलेला असतो आणि त्याचे क्रेडिट कुणालाच मिळत नाही.

याचा अनुभव आम्हाला लगेच आला. करार जुलै २०२१ मध्ये झाला तेव्हा सौर उपकरणांवर ५ टक्के जीएसटी होता. अशा कामाच्या एकत्रित कंत्राटात ७० टक्के किंमत मालाची आणि ३० टक्के सेवेची धरतात आणि सेवेवर १८ टक्के लागतात, म्हणून प्रत्यक्ष भार ८.९ टक्के पडत होता. १ ऑक्टोबर २०२१ पासून उपकरणांचा दर १२ टक्के झाला आणि एकत्रित भार १३.८ टक्क्यांवर गेला. आमचा माल नोव्हेंबरमध्ये आला. ६३ लाखांवर हा फरक ३.०९ लाख रुपयांचा होता, आणि 'कायद्यातील बदल' या खंडाचा आधार घेऊन पुरवठादाराने युनिटमागे १५ पैसे वाढ मागितली. खंड त्यांच्या बाजूने होता, त्यामुळे वाढ नाकारता येत नव्हती. परंतु १५ पैशांनी १५ वर्षांत ४.७२ लाख रुपये वसूल होतात, हे मी आकड्यांनिशी मांडले, आणि बोलणी होऊन वाढ ११ पैशांवर ठरली. दर ४ रुपये ७१ पैसे झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकरणांवरचा दर पुन्हा ५ टक्के झाला आहे, पण आमचा प्रकल्प १२ टक्क्यांच्या काळात खरेदी झालेला असल्याने त्याचा आम्हाला लाभ नाही, आणि तो मागणे योग्यही ठरले नसते. नवा करार करणाऱ्यांनी मात्र कोणत्या दिवसाचा करदर धरून युनिटदर काढला आहे, हे करारातच लिहून घ्यावे.

दुसरा प्रसंग बंधनकारक खरेदीच्या अटीतून उद्भवला. मे २०२३ मध्ये पावसाळ्यापूर्वी छताचे पत्रे बदलण्यासाठी एका बाजूचे ५० किलोवॅटचे पॅनल २३ दिवस उतरवावे लागले. करारानुसार ग्राहकाच्या कारणाने प्रकल्प बंद राहिला तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या सरासरीने वीज तयार झाली असे मानून बिल होते. ५,००० युनिटांचे २३,५५० रुपयांचे बिल आले, आणि ते मला मान्य होते, कारण अट मी वाचून सही केली होती. मात्र त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ४,२३९ रुपये लावले होते आणि वर्णनात 'भरपाई सेवा' असे लिहिले होते. हे मला पटले नाही. ३ ऑगस्ट २०२२ च्या जीएसटी परिपत्रक क्रमांक १७८ मध्ये दोन गोष्टी आहेत : करारभंगाची निव्वळ नुकसानभरपाई हा पुरवठ्याचा मोबदला नसतो, आणि विजेच्या दरातील स्थिर आकार, म्हणजे वीज कमी वापरली तरी द्यावा लागणारा भाग, हा विजेच्या विक्रीचाच मोबदला असल्याने करमुक्त आहे. आमची रक्कम पहिल्या वर्गात धरा किंवा दुसऱ्या वर्गात, १८ टक्के लागण्याचे कारण मला दिसत नव्हते. मी हे पत्राने कळवले. तीन आठवडे उत्तर आले नाही, नंतर त्यांच्या कर सल्लागाराने मुद्दा मान्य केला आणि बिल सुधारून आले. तो कर भरला असता, तरी आम्ही तो क्रेडिट म्हणून परत मिळवू पाहिला असता, हे खरे. पण चुकीने आकारलेल्या कराचे क्रेडिट घेणे म्हणजे पुढच्या तपासणीत स्वतःहून प्रश्न ओढवून घेणे होय, आणि ती जोखीम मी घेत नाही.

करारापूर्वी त्यांनी युनिटदराऐवजी दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा पर्यायही दिला होता. तो वरकरणी सोपा वाटतो. पण वीज कितीही तयार झाली तरी रक्कम तीच, असा व्यवहार वीजविक्रीपेक्षा उपकरणाच्या भाड्यासारखा दिसू लागतो. मग कलम १९४-आय खाली यंत्रभाड्यावरचा २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) आणि भाड्यावरचा जीएसटी हे दोन्ही प्रश्न उभे राहतात. युनिटावर बिल, त्यावर विजेचा एचएसएन क्रमांक (जीएसटीतील मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) २७१६ आणि सोबत दोघांच्या सहीचे रीडिंग, ही सध्याची पद्धतच मला सुरक्षित वाटते.

आता पुढचा प्रश्न आमच्यासमोर आहे. करारातील परिशिष्टाप्रमाणे सहाव्या वर्षापासून, म्हणजे डिसेंबर २०२६ नंतर, आम्ही प्रकल्प विकत घेऊ शकतो आणि त्या वर्षीची किंमत ३८ लाख रुपये लिहिलेली आहे. जीएसटीसह त्यांचा खर्च ७१.६९ लाख धरला आणि ४० टक्के दराने घसारा घेतला असे मानले, तर मार्च २०२६ अखेर त्यांच्या करहिशेबातली उरलेली किंमत ७.४३ लाखांच्या आसपास येते. ७.४३ लाखांची मालमत्ता ३८ लाखांना घेऊन त्यावर आम्ही नव्याने घसारा मागणार, हे करनिर्धारण अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही. दुसऱ्याने आधी वापरलेली मालमत्ता मुख्यतः कर कमी करण्यासाठी वाढीव किमतीला घेतली असे दिसले, तर प्रत्यक्ष किंमत ठरवण्याचा अधिकार कलम ४३(१) च्या तिसऱ्या स्पष्टीकरणाने अधिकाऱ्याला दिला होता. आमचा हेतू विजेचा आहे आणि किंमत २०२१ मध्येच लिहिलेली आहे, त्यामुळे बाजू मांडता येईल. तरीही नोंदणीकृत मूल्यांकनकर्त्याचा अहवाल हातात असल्याशिवाय मी संचालकांना शिफारस करणार नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे आणि मी इथे दिलेले आयकराचे सगळे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत, त्यामुळे खरेदीचा विचार नव्या कायद्याची कलमे समोर ठेवूनच करावा लागेल.

सेवा म्हणून मी यांना पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण विजेसाठी नाही, त्या तक्त्यासाठी आहे. ज्या कंपनीत तो तपासणारे कुणी नसेल, तिने अग्रिम कराचा हप्ता त्या ९.५१ लाखांच्या भरवशावर कमी भरला असता आणि नंतर व्याजासह भरला असता. ज्यांच्याकडे भांडवल आहे, नफा आहे आणि माल करपात्र आहे, त्यांनी प्रकल्प स्वतः घेण्याचा हिशेब आधी करावा. ज्यांना नफा कमी आहे, किंवा पैसा यंत्रांत गुंतवणे अधिक गरजेचे आहे, त्यांच्यासाठी युनिटदराचा करार चांगला आहे. खरेदीचा पर्याय वापरायचा असेल तर ९० दिवस आधी कळवावे लागते. त्यापूर्वी त्यांनी प्रकल्पाची मूळ खरेदी बिले, इन्व्हर्टरच्या हमीच्या हस्तांतराचे पत्र आणि विक्रीच्या वेळी लागणाऱ्या जीएसटीचा दर लेखी द्यावा, असे पत्र मी गेल्या आठवड्यात पाठवले आहे.